कोलांटी ते कार्टव्हील: लहान मुलांना सपोर्ट देताना हात कुठे, कधी आणि किती

मूल पडायला लागल्यावर झेपावणारा प्रशिक्षक बहुतेक वेळा उशिरा पोचतो. कोलांटीत मानेवर भार येतो तो क्षण इतका छोटा असतो, की आपल्याला दिसून हात पुढे जाईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. म्हणून मूल हलायच्या आधीच आपले हात जागेवर हवेत, निदान जागेपासून वीतभर अंतरावर. आणि सपोर्टला जोर लागत असेल, तर ते मूल त्या प्रकाराला अजून तयार नाही असं समजावं. पंचवीस किलोच्या मुलाला दहा वेळा उचलून पलीकडे टाकलं की आपली कंबर धरते, आणि मुलाला मात्र वाटत राहतं की आपल्याला कोलांटी येते.

पुढचं सगळं पाच ते दहा वर्षांच्या मुलांना पायाभूत प्रकार शिकवणाऱ्यांसाठी आहे: शाळेतले पीटीचे शिक्षक, सोसायटीच्या हॉलमध्ये क्लास घेणारे, आणि व्यायामशाळेत ‘तू जरा लहानांना बघ’ म्हणून उभी केली जाणारी मोठी मुलं.

हॉल आणि मॅट

जाड मॅट म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज आधी सोडा. कोलांटी, हँडस्टँड (हातांवर उलटं उभं राहणं), कार्टव्हील (हात टेकून बाजूने चाकासारखं फिरणं) यांना ४ ते ५ सेंटिमीटरची घट्ट मॅट लागते. २०-३० सेंटिमीटरच्या मऊ गादीवर हँडस्टँड केला की तळहात रुततो, मनगट काटकोनापेक्षा जास्त मागे मुडपतं आणि दुखायला लागतं. कार्टव्हीलमध्ये त्याच गादीत पाऊल रुतून घोटा मुरगळतो. जाड गादी उंचावरून उडी मारून उतरण्यासाठी आणि पाठीवर पडायला शिकण्यासाठी ठेवा.

दोन मॅटमधली फट ही सर्वांत दुर्लक्षित जागा आहे. टाइल्सवर मॅट सरकतात, सुरुवातीला बोटभर असलेली फट अर्ध्या तासात पाऊल जाईल एवढी होते. वेल्क्रोची पट्टी असेल तर ती लावा, नसेल तर मॅटखाली रबरी शीट घाला आणि प्रत्येक गटानंतर एका मुलाला फटी बंद करायचं काम द्या. भिंत, खांब, खिडकीचा कठडा यांपासून दोन मीटर मोकळे हवेत. पावसाळ्यात मॅट जमिनीवर पसरून ठेवून घरी जाऊ नका, खालून ओल धरते. त्या उभ्या करून ठेवा आणि रेक्झिनवरचा घाम कोरड्या फडक्याने पुसत राहा. ओल्या रेक्झिनवर हात सटकतो आणि तोंड आपटतं.

ज्या व्यायामशाळेत एकाच हॉलमध्ये मल्लखांबही चालतो, तिथे एक खास धोका असतो. पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल लावतात. ते हातापायांना, मांड्यांना लागलेलं मूल तसंच मॅटवर आलं, तर पहिल्याच कार्टव्हीलला हात निसटतो. तिथून येणाऱ्या मुलांचे हातपाय आधी साबणाने धुवून घ्या, नुसते पुसून भागत नाही.

मुलांच्या अंगावरचं काढून घ्यायचं म्हटलं की घरच्यांशी थोडी हुज्जत होते, ती एकदाच करून टाका. पैंजण, बिंदली, कडं, ताईत, कानातलं, सगळं घरी ठेवायचं. करदोटा बऱ्याच घरांत काढत नाहीत. निदान तो सैल नसावा आणि चड्डीच्या आत असावा, कारण कमरेला सपोर्ट देताना आपलं बोट नेमकं त्यात अडकतं. टी-शर्ट चड्डीत खोचलेला हवा, नाहीतर उलटं झाल्यावर तो तोंडावर येतो आणि मुलाला काही दिसत नाही. केस दोन बाजूंना, खाली बांधलेले. डोक्यावर आंबाडा असेल तर कोलांटीत मान वाकडी होते. मोजे काढायचे. भरपेट खाल्ल्यावर दोन तास उलटं करायचं नाही.

आपल्यालाही हेच लागू. घड्याळ, अंगठी, गळ्यातली शिट्टी, आयकार्डाची दोरी, खिशातला मोबाइल काढून ठेवा. नखं कापलेली हवीत. शिट्टीची दोरी मुलाच्या हातात अडकली की दोघंही खाली येतात.

हात लावण्याआधी

सपोर्ट म्हणजे दुसऱ्याच्या मुलाच्या अंगाला हात लावणं. त्यामुळे हात कुठे येणार हे आधी तोंडी सांगायचं आणि करून दाखवायचं: “मी इथे कमरेला धरणार आणि इथे मांडीला, चालेल?” मूल नाही म्हणालं तर तो प्रकार सपोर्टशिवाय जमेल एवढा सोपा करून द्या. तळहात उघडा आणि स्थिर हवा. धरायच्या जागा म्हणजे कमरेच्या दोन बाजू, पाठ, खांदा, मांडीचा बाहेरचा आणि मागचा भाग. दार उघडं ठेवा, एकट्या मुलाला घेऊन सराव करू नका, पालकांना बसून बघता येईल अशी जागा ठेवा. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याची माहिती प्रत्येक प्रशिक्षकाला असायला हवी. या शिस्तीने मूल सुरक्षित राहतं आणि सरळ मनाने शिकवणारा माणूसही.

धरण्याचं तंत्र थोडक्यात: जवळ उभं राहा. हात लांब करून दिलेल्या सपोर्टमध्ये ताकद नसते. पाय खांद्याइतके फाकवलेले, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. धरायचं ते धडाच्या जवळ, कारण वजन तिथे असतं. कपड्याला धरायचं नाही, कोपर किंवा गुडघा सांध्यावर धरायचा नाही. मुलाचा हात ओढून त्याला वर आणायचं तर अजिबात नाही. लहान मुलांचं कोपर अशा हिसक्याने जागचं सरकतं.

आणि एक करार. “धरलंय” म्हणालात तर धरलेलंच असलं पाहिजे. धीर द्यायला “मी आहे ना” म्हणून ऐनवेळी हात काढून घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी युक्ती आहे. सायकल शिकवताना बाबा सीट सोडतात तशी. पण सायकलवर मूल उलटं नसतं. सपोर्ट आहे या हिशेबाने ते अंग सोडतं, आणि तिथेच मान किंवा कोपर जातं. सपोर्ट कमी करायचा तो सांगून: दोन्ही हातांनी धरणं, मग एका हाताने, मग दोन बोटांचा स्पर्श, मग हात हवेत तयार. प्रत्येक पायरीवर लागोपाठ पाच चांगल्या जमल्या की पुढची पायरी. एक बिघडली तर एक पायरी मागे, त्यात कुणाची नाचक्की नाही.

एका प्रशिक्षकामागे सहा ते आठ मुलं, त्याहून जास्त असतील तर सपोर्ट लागणारा एकच कोपरा ठेवा आणि बाकीच्यांना सपोर्ट न लागणारी कामं द्या: होडी (पाठीवर झोपून हातपाय उचलून धरणं), गोळा (गुडघे पोटाशी घेणं), लोळण, उडी मारून थांबणं. आठांतला एक कोलांटी मारतोय आणि बाकीचे रांगेत उभे असा क्लास असेल, तर रांगेतले सात एकमेकांना ढकलतात. बऱ्याच दुखापती मॅटच्या बाहेरच होतात.

पडायला शिकवणं

हा धडा पहिल्या आठवड्यात, कोलांटीच्याही आधी घ्या. तोल गेला की माणूस हात मागे टेकतो. बोटं मागे आणि कोपर ताठ अशा हातावर सगळं वजन आलं की मनगट किंवा कोपर मोडतं. मुलांच्या हाताच्या फ्रॅक्चरचं हे अगदी ठरलेलं कारण. म्हणून जाड गादीवर उकिडवं बसवा, दोन्ही हातांनी स्वतःला मिठी मारायला सांगा, हनुवटी छातीला, आणि तसंच मागे लोळू द्या. पाठ गोल, डोकं गादीला लागत नाही. रोज दहा वेळा. मग अर्धं उभं राहून, मग पूर्ण उभं राहून.

उडी मारून उतरणं ३० सेंटिमीटरच्या ठोकळ्यावरून सुरू करा. पाय कमरेइतके अंतरावर, गुडघे वाकलेले, हात पुढे, खुर्चीत बसायला निघाल्यासारखं अंग, आणि दोन सेकंद पुतळा. गुडघे आत वळून एकमेकांकडे आले तर थांबवा. ते पायांच्या बोटांच्या रेषेतच राहायला हवेत. तपासायला कान पुरतात: धप्प असा आवाज आला तर गुडघ्यांनी काम केलेलं नाही, टप एवढाच आला तर केलं. मुलांना हा आवाजाचा खेळ फार आवडतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टवर (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी) चौथी आलेल्या जिम्नॅस्ट दीपा कर्माकरची अंतिम फेरीतली उडी मुलांना दाखवायची असेल, तर शेवटच्या पावलापाशी थांबवून दाखवा. हवेत दोन कोलांट्या घेऊन आल्यावर ती किती खोल बसली ते पाहिलं की उतरणं म्हणजे काय याचा अंदाज येतो.

पुढची कोलांटी

कोलांटी घरात गादीवर सगळ्यांनीच मारलेली असते, म्हणून ती सोपी वाटते. प्रत्यक्षात मानेला दुखापत होण्याची पहिली संधी इथेच असते. टाळू जमिनीला लागायची नाही, एवढी एक गोष्ट या प्रकारात शिकवायची आहे. डोक्याचा मागचा भाग जेमतेम घासून वजन थेट पाठीच्या वरच्या भागावर जायला हवं.

त्याआधी लोळण. पाठीवर झोपून गुडघे पोटाशी घट्ट, नडग्या धरून पुढे-मागे झोके. मूल यातून हात न टेकता उकिडवं बसू शकलं की कोलांटीचा शेवटचा भाग आलाच. मग उतरत्या गादीवर जा. तिरकी गादी नसेल तर जाड मॅटची एक कड ठोकळ्यावर चढवून वर बारीक मॅट टाका, मात्र ती हलत नाही ना हे स्वतः वर उभं राहून बघा. उताराने निम्मं काम होतं, सपोर्ट हलका लागतो.

मूल उकिडवं बसतं. तळहात खांद्याइतक्या अंतरावर, पायांच्या थोडे पुढे, बोटं पुढे. हनुवटीखाली घडी घातलेला रुमाल धरायला द्या आणि सांगा, रुमाल पडता कामा नये. ‘मान आत घे’ हे शंभर वेळा ओरडून जे होत नाही ते या रुमालाने एका दिवसात होतं. आता पाय सरळ करत कंबर वर, नजर स्वतःच्या बेंबीकडे, कोपरं हळू वाकवत वजन हातांवर, आणि मग पाठ.

तुम्ही बाजूला, एक गुडघा टेकून, मुलाच्या किंचित पुढे. डोक्याकडचा हात डोक्याच्या मागे, वाट दाखवण्यापुरता. मान दाबायची नाही. पायांकडचा हात मांडीच्या मागे, आणि खरं काम हाच हात करतो. तो कंबर वर उचलून धरतो, त्यामुळे वजन मानेवर बसत नाही आणि वेगही आपल्या ताब्यात राहतो. पाठ टेकली की डोक्याकडचा हात पाठीखाली सरकवून उठायला हलका रेटा.

बिघडतं कुठे? टाळू टेकत असेल तर बहुधा कंबर वर गेलेली नसते किंवा हात फार जवळ टेकलेले असतात. कोलांटी एका खांद्यावरून तिरकी जात असेल तर एक हात आधी मोडतोय, तो कमजोर हात कोणता ते बघा आणि मांजरासारखं चार पायांवर चालण्याचा, फळी (प्लँक) धरण्याचा सराव द्या. पाठ आडवी आपटत असेल तर डोकं मागे टाकलंय. शेवटी उठता येत नसेल तर टाचा ढुंगणापासून लांब पडल्यात. ‘टाचांवर बस’ एवढं सांगितलं की पुरतं. पायांची अढी घालून उठायची सवय मात्र लावू देऊ नका, पुढे जाऊन गुडघा पिरगळतो.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना कोणतीही कोलांटी शिकवण्याआधी डॉक्टरांची लेखी परवानगी हवी. यातल्या काही मुलांमध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असतात आणि मान वाकल्याने मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो.

मागची कोलांटी पुढचीपेक्षा अवघड आणि मानेला जास्त जाचक. पुढची चांगली जमल्यावर महिनाभराने, आणि नेहमी उतारावर. हात कानांशी, तळहात आभाळाकडे, अंगठे कानांकडे, कोपरं छताकडे. हमाल डोक्यावर पोतं धरतो तसं. सपोर्ट एकाच क्षणी लागतो: कंबर डोक्यावर आली की दोन्ही हातांनी कमरेला धरून वर उचला. वर, पुढे नाही. पुढे ढकललंत तर मान दुमडते. मूल दर वेळी खांद्यावरून बाजूला पडत असेल तर समजा, हात जमिनीला रेटा देत नाहीत. ती बिघडलेली कोलांटी परत परत करून घेऊ नका, हातांची ताकद वाढवून महिन्याभराने परत या.

हँडस्टँड

आधी पात्रता: हात सरळ ठेवून फळी ३० सेकंद, पोट ढासळू न देता. भिंतीकडे पोट करून हँडस्टँड १० सेकंद, पुढे ३० पर्यंत. मूल फळीत येतं, पाय भिंतीला, मग पावलं वर आणि हात भिंतीकडे, शेवटी हात भिंतीपासून वीतभर अंतरावर. यात उतरणं आधी शिकवा: हात पुढे चालवत नेऊन पाय खाली. दमल्यावर परतीची ताकद उरत नाही आणि मूल तोंडावर येतं, म्हणून चेहरा लाल होऊन हात थरथरायच्या आत खाली बोलवा.

भिंतीकडे पाठ करून लाथ मारून चढायची पद्धत मुलांना आवडते, पण तिने पाठीचं केळं होतं आणि डोकं बाहेर निघतं. धीर येण्यापुरती ठीक.

लाथेने चढवताना तुमची जागा बाजूला, मुलाचे हात टेकणार तिथे. जो पाय आधी वर येतो त्या बाजूला उभं राहा. समोर कधीच नाही, टाच थेट दातांवर येते. पाय वर येताच मांडी दोन तळहातांत धरायची, एक हात पुढून, एक मागून, पावात वडा धरावा तशी. पुढचा हात पायाला वर आणतो, मागचा हात मूल पाठीकडे पलटी खाण्यापासून अडवतो. दुसरा पाय आला की दोन्ही मांड्या गुडघ्यांच्या जरा वर धरा. घोट्याला धरणं सोपं वाटतं, पण कोपरं मोडली तर घोट्याला धरून कुणालाही थांबवता येत नाही. मांड्या हातात असतील तर मूल वर उचलून डोक्यावरचा भार काढता येतो. “खांदे कानाला, जमीन ढकल” असं सांगत राहा.

सुटका शिकवल्याशिवाय कुणालाही एकट्याने हँडस्टँड करू देऊ नका. तोल पाठीकडे जायला लागला की एक हात उचलून पुढे टेकायचा, अंग पाव वळण घेतं आणि पाय बाजूला उतरतात. हे आधी भिंतीजवळ, मग तुमच्या हातात, डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही. हँडस्टँडमधून कोलांटी ही दुसरी सुटका, पण ती नंतरची. त्यात नडग्या धरून हळू खाली सोडायचं आणि हनुवटी आत गेल्याचं दिसल्याशिवाय कोपरं वाकू द्यायची नाहीत.

मनगटाच्या तक्रारी गंभीरपणे घ्या. मुलांमध्ये हाडाच्या टोकाला, जिथून हाड वाढतं, तो भाग कच्चा असतो आणि रोजच्या भाराने तो दुखावतो. अंगठ्याच्या बाजूला मनगट दाबल्यावर दुखतंय आणि दोन आठवडे झाले तरी जात नाही, तर हातावरची सगळी कामं बंद आणि डॉक्टर. तेल चोळून, पट्टा बांधून चालू ठेवायचं नाही.

कार्टव्हील

आधी पाय ओळखा. ‘उजवा पाय पुढे’ असं सगळ्यांना एकदम सांगू नका. चेंडूला लाथ मारायला सांगा, जिना चढायला सांगा, तीन-चार वेळा बघा. ज्या पायाने मूल आपोआप पुढे होतं तो पाय पुढे. चुकीच्या बाजूने शिकवलेली कार्टव्हील वर्षभर वाकडीच राहते आणि आपण मुलाला दोष देत बसतो.

मॅटवर खडूने एक सरळ रेघ मारा. हात, हात, पाय, पाय, चारही त्याच रेघेवर. पहिले दिवस गुडघाभर उंच ठोकळ्यावर हात टेकून नुसतं इकडून तिकडे उडी मारणं, पाय वाकलेले चालतील. मग ठोकळा काढा. शेवटचा पाय खाली येताना बोटं आल्या दिशेकडे वळलेली असतील तर मूल तोल राखून उभं राहतं.

सपोर्टची जागा मुलाच्या पाठीमागे. समोर राहिलात तर पाय तोंडावर येतात. हात कमरेच्या दोन बाजूंना, पण कैची घालून, आणि इथे बरेच जण गोंधळतात. मूल डावीकडे जाणार असेल तर तुमचा डावा हात वरून जाऊन त्याच्या उजव्या कमरेवर, उजवा हात खालून त्याच्या डाव्या कमरेवर. उजवीकडे जाणार असेल तर उलट. म्हणजे मूल ज्या बाजूला जाणार त्या बाजूचा आपला हात वर. मूल उलटं होतं तेव्हा कैची सुटते आणि नेमक्या अवघड क्षणी आपले हात सरळ व मोकळे असतात. कैची न घालता धरलंत तर त्याच क्षणी तुमचे हात पिळले जातात आणि मूल हातातून निसटतं. आधी एखादा तक्क्या घेऊन चार वेळा फिरवून बघा, एकदा हाताला कळलं की विसरत नाही.

बरोबर चालत राहा. पाय न हलवता जागेवरून दिलेल्या सपोर्टने मूल मध्येच अडकतं. कार्टव्हील रेघेवरून सरकून पुढे येत असेल तर बहुधा कंबर डोक्यावर पोचत नाही, भीतीने पाय खालूनच फिरतात. तेव्हा सपोर्ट वाढवण्याऐवजी हँडस्टँडकडे परत जा.

कमान आणि ताणणं

कमान, म्हणजे ब्रिज, खांद्यांतून यायला हवी. पाय ३० सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर ठेवले की कंबरेचा ताण कमी होतो आणि खांदे उघडतात. कमान करताना एकाच बाजूला कंबर दुखते असं मूल दोन-तीनदा म्हणालं, तर मागे वाकण्याचं सगळं थांबवून डॉक्टरांना दाखवा. वाढत्या वयात मणक्याला बारीक तडा जाण्याची ती खूण असू शकते.

मुलाच्या पाठीवर बसून, पाय दाबून स्प्लिट ताणणं अजूनही अनेक ठिकाणी चालतं. मूल रडतंय आणि प्रशिक्षक मोजतोय. ते बंद करा. ताण मुलाच्या स्वतःच्या वजनाने, ३० सेकंद, अंग गरम असताना. घाई करण्यासारखं काही नाही. महिलांच्या वरिष्ठ आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्समध्ये उतरायला त्या वर्षात १६ पूर्ण व्हावी लागतात. सात वर्षांच्या मुलीच्या आईबाबांना हे एकदा सांगितलं की त्यांचीही घाई थोडी कमी होते.

भीती, थकवा आणि रील्स

मध्येच सोडून देणं हे अनेक दुखापतींचं मूळ असतं. मूल निम्म्यात विचार बदलतं, हात सैल सोडतं आणि डोक्यावर येतं. म्हणून ‘सुरू करायचं नसेल तर करू नको, सुरू केलंस तर संपव’ हा नियम सगळ्यांना तोंडपाठ हवा, आणि पहिल्या अर्ध्या भागाचा मान ठेवा: करायचं नाही म्हणणाऱ्या मुलावर हसायचं नाही, ढकलायचं नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने हवेत अंगाचा अंदाज सुटतोय म्हणून सांघिक अंतिम फेरी मध्येच सोडली. ती सोडू शकते, तर दुसरीतली मुलगी का नाही?

क्लासच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत नवीन काही नको. एकेका मुलाला सलग पाच ते आठ प्रयत्न, मग बदली. ‘एक शेवटची’ असं म्हणून मारलेली नववी कोलांटी बहुतेक वेळा खराबच होते.

मोबाइलवर बघून बॅकफ्लिप मागणारं मूल प्रत्येक क्लासमध्ये एकतरी असतं. हँडस्टँड भिंतीशिवाय पाच सेकंद, दोन्ही बाजूंनी सुटका, सरळ राउंडऑफ (दोन्ही पाय एकत्र आणून उतरायची कार्टव्हील) आणि आवाज न करता उतरणं, एवढं झाल्याशिवाय मागच्या उड्यांचा विषय काढू नका. आणि तो काढायचा तर मागच्या उड्यांना सपोर्ट देण्याचं वेगळं शिक्षण घेतलेला प्रशिक्षक व जाड गादी पाहिजे. हा लेख वाचून ते करू नका.

लागलंच तर

बर्फ, कापड, पट्ट्या, फळीचे दोन तुकडे आणि प्रत्येक पालकाचा फोन नंबर हॉलमध्येच हवा, ऑफिसच्या कुलपात नाही.

डोक्यावर किंवा मानेवर पडून मूल मान दुखते म्हणालं, हातापायांना मुंग्या आल्या, किंवा हलवता येत नसेल तर त्याला उठवू, बसवू किंवा पाणी पाजू नका. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी डोकं आहे त्याच स्थितीत धरा, दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा, बाकीची मुलं बाहेर. डोक्याला मार लागला आणि मूल लगेच बरं वाटतं म्हणालं तरी त्या दिवशी मॅटवर परत नाही. उलटी, झोप येणं, डोकेदुखी वाढणं यांवर लक्ष ठेवायला घरी स्पष्ट सांगा, आणि यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना.

मुरगळलेल्या घोट्याला कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, पाय उंच. चोळायचं नाही. कोपर किंवा मनगट वाकडं दिसत असेल तर सरळ करायला जाऊ नका, आहे तसंच फळीला बांधा, बोटं गार किंवा पांढरी पडत नाहीत ना ते बघत राहा आणि दवाखान्यात न्या. वाटेत बिस्किट, सरबत काही देऊ नका. भूल देऊन हाड बसवायचं ठरलं तर पोट रिकामं लागतं.